सहा नंबरची रेघ

शहापूर,
रविवार, दुपार

प्रिय अक्षदा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. वाल्मिक वाशिंदच्या कंपनीतून वेळेवर घरी येतोय, ऋतिकची दहावीची परीक्षा चालू आहे आणि अभ्यास सोडून बाकी सगळं तो मन लावून करतोय. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तू तिसऱ्या वाक्याला मधे तोंड घालतेस आणि चौथ्या वाक्यापासून माझी बातमी तूच मला सांगायला लागतेस. व्हॉट्सअॅपवर एवढं लिहायचं तर माझा अंगठा कामातून जाईल. शिवाय एक नाव असं आहे की ते मी काढलं रे काढलं की तुझ्याकडे कुणीतरी बेल वाजवतं, नाहीतर दूध उतू जातं. गेलं वर्षभर तुझं एवढं दूध उतू गेलंय की पुण्यात तुम्ही चहा कशाचा करता कोण जाणे. कागदापुढे तुझं काही चालणार नाही. तेव्हा पंख्याखाली बस आणि शेवटपर्यंत वाच.

तर जानेवारीत सरळगावजवळ आपल्या नर्सिंग कॉलेजात (‘आपल्या’ म्हटलेलं तुला खपणार नाही, पण हात वळतो तसाच) एक मुलगी आली. कुणाली तिचं नाव. विद्यापीठात पीएच.डी. करते. काडीसारखी, खांद्यावर तिच्याहून जड बॅग. नर्सिंग शिकवणारे शिक्षक कामाच्या ठिकाणी किती सुखात असतात हे मोजणं हा तिचा विषय. फाटकात धाकलूने तिला हटकलं. ती म्हणाली, वेलबीइंगच्या स्टडीसाठी आलेय. धाकलूच्या कानात त्यातलं फक्त ‘वेल’ शिरलं. होस्टेलच्या बोअरवेलसाठी आपण किती अर्ज केले होते ते तुला आठवत असेलच. तो तिला सन्मानाने होस्टेलच्या मागे घेऊन गेला, पंपाचं झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाला, “ही बगा आमची वेल. शिमग्यापतूर पानी देते, मंग नाय.” ती पोरगीही अशी गुणी की तिने वही काढून लिहून घेतलं. तिला वाटलं, होस्टेलला पाणी नसणं हा शिक्षकांच्या ताणाचाच भाग असेल, आणि इथला शिपाईसुद्धा किती जागरूक! मग धाकलूने ऑफिसात येऊन सांगितलं की वेलवाल्या बाई आल्यात, मोटर कधी बसणार ते विचारून घ्या.

आता ते नाव घ्यावंच लागणार. प्राचार्य देवकी मॅडम. गॅस बंद करून ये हवं तर, मी थांबते.

मॅडमना अभ्यास वगैरे काही कळलं नाही, म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं. विद्यापीठातून बाई आली म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे आपण पहिलं यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. कुणालीने चाळीस वाक्यांची प्रश्नावली दिली. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे अगदी पटतं. वाक्यं इंग्रजीतून मराठीत ओढून आणलेली. ‘माझ्या कार्यस्थळी माझी भरभराट होते.’ हे वाचून कमळ मॅडम मला हळूच म्हणाल्या, हे वजनाबद्दल आहे का गो? मॅडमनी आम्हा सगळ्यांना प्रात्यक्षिकाच्या खोलीत बोलावलं. डमी पेशंटच्या कॉटभोवती आम्ही उभे. मी, कमळ मॅडम, मितेश सर आणि तू गेल्यावर लागलेल्या दोन नव्या मुली. मॅडम डमीच्या उशाशी. कुणाली बाहेर व्हरांड्यात चहा पीत होती. मॅडम म्हणाल्या, “हे बघा, मी कुणावर जबरदस्ती करनार नाय. ज्याला जे वाटतं ते मोकळ्या मनानं लिहायचं. चार किंवा पाच.”

मितेश सरांना तू ओळखतेस. गप्प बसणं त्यांच्या नशिबात नाही. त्यांनी विचारलं, मॅडम, तीन चालेल का? मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. तीन म्हणजे काय? सर म्हणाले, तीन म्हणजे नक्की सांगता येत नाही. “तुला सांगता येत नाय? मेडिकल-सर्जिकलचा तास घेतोस आणि तुला सांगता येत नाय?” सरांनी सगळीकडे पाच लिहिले. आम्हीही कॉटच्या कडेवर कागद टेकवून पटापट चार-पाच, चार-पाच करत सुटलो. पुढच्या तासाला मुलींची परीक्षा होती, तिकडे कोण वाचत बसणार?

आणि तिथेच घात झाला. त्या चाळीस वाक्यांत मधूनमधून उलटी वाक्यं पेरलेली होती, माणूस वाचतोय की नुसता खुणा करतोय ते बघायला. त्यामुळे आमच्या कॉलेजचा निकाल असा लागला की इथल्या प्रत्येक शिक्षकाला रोज सकाळी कामावर यायला फार आवडतं आणि प्रत्येकाला ही नोकरी आजच्या आज सोडावीशी वाटते. प्रत्येकाला गाढ झोप लागते आणि कामाच्या विचाराने प्रत्येकाचा डोळ्याला डोळा लागत नाही. कुणालीच्या गाइडने ते बघितलं आणि तिला समोर बसवून विचारलं, तू त्या कॉलेजात गेली होतीस ना, की बसमध्ये बसून सगळे कागद स्वतःच भरलेस?

बिचारी पंधरवड्याने परत आली ती रडायच्या बेतात. गाइडने बजावलं होतं, एकेकाला समोर बसवून बोल, शिवाय नाडी मोजणारे पट्टे देतो ते आठवडाभर घालायला लाव. नाहीतर हे कॉलेज अभ्यासातून बाद. आणि नमुन्यात कॉलेजं मोजकीच, त्यातलं एक बाद म्हणजे तिचं वर्ष गेलं. आम्हाला सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण पाच-पाच करून मोकळे झालो आणि त्या पोरीवर खोटेपणाचा आळ.

पण अक्षदा, नर्सला समोर बसवून तिची विचारपूस करणं सोपं आहे का? कमळ मॅडमपुढे कुणाली बसली, रेकॉर्डर चालू केला आणि विचारलं, दिवसाच्या शेवटी तुम्हाला कसं वाटतं? कमळ मॅडमनी उत्तर द्यायच्या आत तिची खालची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक. मग पाळी, झोप, सकाळी काय खाऊन निघालीस, लोह घेतेस का, घरी कोण कोण असतं, लग्नाचं काही बघतायत का. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणालीचाच पूर्ण इतिहास आला, तोही आपण मुलींना शिकवतो त्या क्रमाने. माझ्या वेळी मी ठरवून गेले होते की आज काही विचारायचं नाही. पण ती कसाऱ्याला राहते, पहाटेची गाडी पकडते आणि दुपारपर्यंत नुसत्या बिस्किटांवर असते हे कळल्यावर मला राहवलं नाही, मी माझा डबा तिच्यापुढे उघडला. तिसऱ्या फेरीला तर दोघी नव्या मुली तिच्यासाठी घरून वेगळी भाकरी आणायला लागल्या. कमळ मॅडमच्या भावाची भेंडी चालू होती, त्यामुळे प्रत्येक वेळी परत जाताना तिच्या बॅगेत किलोभर कोवळी भेंडी. ती आमचं सुख मोजायला आली होती आणि तिचंच हिमोग्लोबिन वाढलं.

मग पट्टे. घड्याळासारखे, काळे, मनगटावर बांधायचे. दिवसभरात नाडी कधी वाढते, कधी उतरते ते आपोआप नोंदवणारे. प्रत्येकावर नंबर होता, नाव नाही. कुठला नंबर कुणाला हे तिला स्वतःला कळायला नको म्हणून कुणालीने वाटायचं काम माझ्यावर सोपवलं. पट्टे सहा होते आणि आम्ही पाच. बाकीचे वर्गावर गेल्यावर उरलेला एक मी पाकिटात घालत होते तेवढ्यात दारात मॅडम. “आनि मला? मी काय मास्तरीन नाय? फर्स्ट इयरचा तास कोन घेतं?” मी सहा नंबरचा पट्टा त्यांच्या मनगटावर बांधला. मनगट केवढंसं आहे गं त्यांचं. शेवटच्या भोकात अडकवला तरी सैल होत होता. इतकी वर्षं ज्या हाताकडे बघून आपण घाबरलो तो हात मी पहिल्यांदाच हातात धरला होता.

आठवडा झाला. कुणाली लॅपटॉप घेऊन आली, स्टाफ मीटिंगमध्ये पडद्यावर सहा रेघा दाखवल्या, सहा रंगांच्या. आम्ही सगळे खुर्च्यांवर, मॅडम मधोमध. कुणाली एकदम खुशीत होती. म्हणाली, बघा, किती सुंदर मिळालंय. रोज सकाळी, सोमवार ते शनिवार, एका ठरावीक वेळी पाच जणांची नाडी एकदम वर जाते! इतकं एकसारखं मला दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात दिसलं नाही. त्या वेळी इथे काय होतं हो?

प्रत्येकाला माहीत होतं त्या वेळी काय होतं. मॅडमची स्कूटी फाटकातून आत येते. पण बोलणार कोण? दोघी नव्या मुली आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या. शेवटी कमळ मॅडम म्हणाल्या, जिना. आम्ही सगळे जिना चढतो ना सकाळी, म्हणून. कुणालीने इकडेतिकडे बघितलं आणि साळसूदपणे म्हणाली, पण मॅडम, कॉलेज तर बैठं आहे. मितेश सरांनी तोंडावर रुमाल धरून खोकल्याची उबळ काढली. माझी अवस्था विचारू नकोस. हसू दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. देवकी मॅडम पडद्याकडे बघत होत्या.

विषय बदलावा म्हणून सरांनी खालच्या जांभळ्या रेघेकडे बोट केलं. ती रेघ सगळ्यांच्या उलट जात होती. सकाळी कॉलेजात आल्यावर ती उतरायची, दिवसभर संथ, आणि संध्याकाळी कॉलेज सुटलं की चढायला लागायची. रात्री तर फारच वाईट, झोपेचा भाग तुटक-तुटक. सर म्हणाले, हा सहा नंबर कोण आहे बाबा? कामावर आला की शांत आणि सुट्टी झाली की धडधड! याला सुट्टीच देऊ नका, इथेच कॉट टाकून द्या डमीशेजारी. सगळे खो-खो हसले. मघापासून दाबलेलं हसू सगळ्यांचं एकदम बाहेर पडलं. देवकी मॅडमसुद्धा हसल्या. हसता हसता त्यांनी, आठवडाभर घेत होत्या तसा, पदर मनगटावर ओढून घेतला.

मी एकटीच हसू शकले नाही. पट्टा मीच बांधला होता.

त्या संध्याकाळी मी शहापूरची बस मुद्दाम सोडली. सगळे गेले, होस्टेलच्या मुली मेसकडे गेल्या. मॅडम एकेक खोली बंद करत येत होत्या. मला पायरीवर बघून म्हणाल्या, “बस गेली ना गो तुझी?” मी म्हटलं, दुसरी येईल. त्यांनी ऑफिसचं कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सहा नंबर सुटल्यावर काय करतो ते बघायला थांबलीस?” उत्तरही स्वतःच दिलं, “काय करनार? कुलूप लावतो.” आणि येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. पायरीवर, अक्षदा! मुलींना त्या पायरीवर बसलेलं बघून ज्या मुरबाडपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायच्या, त्या.

आई गेल्यापासून मुरबाडच्या त्या दोन खोल्यांत त्या एकट्याच असतात हे आपल्याला माहीत होतं, पण आपण त्याचा कधी विचार केला नव्हता. धसईला भाऊ आहे, भावजय आहे, भातशेती आहे. पण सणाला जायचं आणि पाहुणीसारखं परत यायचं. घरी गेल्यावर टीव्ही लावतात म्हणाल्या, बघत नाहीत, नुसता आवाज. मध्येच माझ्या दंडाला धक्का देऊन म्हणाल्या, “जिना म्हने! कमळला खोटं पन धड बोलता येत नाय. मला काय स्कूटी कळत नाय होय? मी आले की तुमची नाडी चढते, आनि तुमी गेलात की माझी. सांग त्या पोरीला, बेरीज बरोबर आहे.” आणि हसल्या. मलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मॅडमनी लगेच हुकूम सोडला, “रडायचं नाय. दुसरी बस चुकेल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला परत डमीभोवती उभं केलं. कोऱ्या प्रश्नावल्या स्वतः वाटल्या. “परत भरा. वाचून भरा. तीन चालेल, दोन चालेल, एक पन चालेल. मी इथे असले तर तुमचा हात चालनार नाय, म्हनून मी मुरबाडला चालले. संध्याकाळशिवाय येत नाय.” स्कूटी फाटकाबाहेर गेली तेव्हा आम्ही खिडकीतून बघून खात्री करून घेतली. मग असे भरायला बसलो की काय सांगू! जुन्या कैफियती, कडेला बारीक अक्षरात टिपा, कमळ मॅडमनी तर पुरवणी मागितली. आणि ऐन रंगात आलो असताना दार उघडून मॅडम आत. चष्मा विसरल्या होत्या. पाचही जणांनी कागदावर हात पालथे घातले, परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांसारखे. मितेश सरांनी तर कागद डमीच्या पांघरुणाखाली सरकवला. मॅडमनी चष्मा घेतला, डमीकडे बघून म्हणाल्या, “याला पन विचारा काय त्रास आहे ते,” आणि निघून गेल्या.

यावेळी निकाल खरा लागला. म्हणजे आपलं कॉलेज सपशेल नापास. पाचपैकी दोनच्या वर जेमतेम. कुणालीचा फोन आला तेव्हा ती आनंदाने किंचाळत होती. गाइड खूश, आळ गेला, वर्ष वाचलं. मॅडमनी धाकलूला सरळगावला पाठवून सगळ्यांना वडापाव आणवले. नापास झाल्याचे वडापाव मी पहिल्यांदाच खाल्ले. धाकलूने विचारलं, मंग मोटर कधी बसनार? तो अजून तिथेच आहे.

नावं न घालता कुणालीने आमच्या तक्रारी एका पानावर लिहून दिल्या आणि मॅडमनी त्या सगळ्यांसमोर स्वतःच वाचल्या. शिक्षकांच्या बाथरूमला कडी नाही, दार एका पायाने धरावं लागतं. ‘कुणाची तक्रार?’ असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याच दुपारी कडी बसली. धाकलूने उत्साहात तीन बसवल्या, आता आत गेलेलं माणूस बाहेर यायला वेळ लागतो. दोन तासांच्या मधे टेकायला जागा नाही हा दुसरा मुद्दा. स्टोअररूम रिकामी करून खुर्च्या टाकल्या. अर्ध्या दिवसाच्या रजेला आता कारण सांगायचं नाही असंही ठरलं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी नवलाईनेच रजा घेतल्या. कमळ मॅडमना अर्ध्या दिवसाचं काय करायचं ते सुचेना, त्या लायब्ररीत जाऊन बसल्या. मॅडमची स्कूटी आता फाटकाच्या बरीच आधीपासून हॉर्न देत येते, आम्हाला सावरून बसता यावं म्हणून. मितेश सर म्हणतात, फरक एवढाच पडला की आता धडधड पाच मिनिटं लवकर सुरू होते. एकदम सगळं गोड झालंय असं समजू नकोस. परवाच मॅडम एका मुलीवर चादरीच्या कोपऱ्यावरून अशा कडाडल्या की डमीसुद्धा ताठ झाला असता.

पण रजेचा तो मुद्दा वाचताना एक गोष्ट झाली, ती तुला सांगायलाच हवी. वाचता वाचता त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. खोलीत बाकी कुणाला कळलं नसेल, पण मला कळलं, कारण तुझ्या बाबांच्या बायपासच्या वेळी मी मॅडमच्या टेबलाशेजारीच उभी होते. तू चार दिवस मागितले होतेस, तपासणी तोंडावर होती, आणि मॅडम सगळ्या फर्स्ट इयरच्या मुलींसमोर म्हणाल्या होत्या, “ऑपरेशन डॉक्टर करनार. तू तिथे बसून काय करनार?” तू अॅप्रन काढून घडी करून टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, हेच वाक्य मुलींना शिकवा मॅडम, म्हणजे नर्सिंग कॉलेजची गरजच उरणार नाही. आणि गेलीस. बाबा बरे झाले, तुला पुण्यात चांगली नोकरी मिळाली, सगळं नीट झालं. पण तू परत या रस्त्याला फिरकली नाहीस. माझ्याकडे सत्यनारायणाला आलीस तीसुद्धा स्टेशनवरून परस्पर आलीस आणि तशीच गेलीस.

या गुरुवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. एप्रिलअखेर त्या निवृत्त होतायत. प्राचार्यपदाची जाहिरात या आठवड्यात येईल. मला वाटलं मला अर्ज करायला सांगतात की काय, म्हणून मी आधीच सांगून टाकलं की मला जमणार नाही, मी एकटी फाटकातून आत आले तर धाकलूची नाडीसुद्धा हलत नाही. त्या हसल्या नाहीत. टेबलावरची पेनं सारखी करत राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या दिवशी अक्षदाला मी जे बोलले ते नर्सने बोलायचं वाक्य नव्हतं. आईच्या वेळी मी पंधरा दिवस उशाशी बसून होते. मी काय केलं तिथे? काय नाय केलं. पन बसले होते ना. मला ठाऊक असून बोलले.” मग म्हणाल्या, “तिला कळव. माझ्यामुळे ती गेली, आता मीच जाते. तिने अर्ज करावा. तुझ्याहून कडक आहे आनि माझ्याहून बरी आहे.” मी म्हटलं, तुम्हीच फोन करा की. तर त्या ऐंशी मुलींना एका नजरेत उभं करणाऱ्या बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, मला नाय जमनार गो. म्हणून हे पत्र. इतकी पानं तुला हसवत आणलं ते यासाठी, नाहीतर पहिल्या ओळीलाच तुझं दूध उतू गेलं असतं. मला तू हवी आहेस हे वेगळं सांगत नाही. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं, अक्षदाला मी ओळखते, ती नाही म्हणेल. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “म्हनू दे. पन नाय म्हनायला तरी तिला इथे येऊ दे.”

तुझीच,
भावना